शेळी अडली की नुसती वेळ घेतेय? नव्या शेळीपालकांसाठी

नागपूरच्या आसपास, हिंगणा, काटोल, उमरेड, कुही या पट्ट्यात नोकरी सांभाळून शेळ्या पाळणारे हल्ली बरेच दिसतात. शेड कसं बांधायचं, चारा कुठला, लस कधी, याची माहिती त्यांनी आधीच जमवलेली असते. पहिली शेळी व्यायला आली की मात्र रात्री-अपरात्री फोन येतो, "भाऊ, बकरी घंट्याभरापासून जोर लावून रायली, एकच पाय दिसून रायला. ओढू का?" याचं उत्तर फोनवरून देणं कठीण, कारण तो पाय पुढचा आहे की मागचा, हेच पलीकडच्या माणसाला सांगता येत नसतं. ते कळलं की निम्मी भीती जाते आणि पुढं काय करायचं हेही आपोआप ठरतं.

आधीच सांगून ठेवतो, बहुतेक शेळ्या कुणाच्याही मदतीशिवाय व्यातात. रात्री गाभण शेळी बांधून झोपावं आणि सकाळी दोन पिल्लं उभी दिसावीत, असंच जास्त वेळा होतं. माझ्या पाहण्यात नवख्या माणसाच्या हातून जे नुकसान होतं ते बहुतेक घाईनं ओढल्यामुळे. आणि दुसऱ्या टोकाला, घड्याळाकडे न बघता "होईल हळूहळू" म्हणत रात्र काढल्यामुळे.

तारीख लिहा, सामान जमवा

शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, चार-पाच दिवस इकडेतिकडे. मेंढीचाही जवळपास तेवढाच. बोकड लागल्याची तारीख शेडच्या भिंतीवर खडूनं का होईना, लिहून ठेवा. जून-जुलैत लागलेली शेळी नोव्हेंबर-डिसेंबरात व्याते, म्हणजे विदर्भातल्या ऐन थंडीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागलेली मार्च-एप्रिलात, ऊन तापायला लागल्यावर. दोन्ही वेळी पिल्लाला वाचवायच्या गोष्टी वेगळ्या, त्यामुळे तारीख हाताशी हवी.

शेवटच्या दीड महिन्यात पिल्लू पोटात सगळ्यात जास्त वाढतं. या काळात शेळीला नुसत्या तुरीच्या कुटारावर ठेवू नका. रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम खुराक द्या, सरकी ढेप आणि मक्याचा भरडा चालतो. पण एकदम वाढवू नका, आठवडाभरात चढवत न्या. पोटात जुळी आहेत आणि खुराक कमी, अशी शेळी शेवटच्या पंधरवड्यात खाणं सोडते, सुस्त होते, एका कोपऱ्यात मान टाकून बसते. हा गाभणकाळातला आजार आहे. तिला आराम करतेय असं समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आंत्रविषाराची लस व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी दिली की तिचं संरक्षण चिकातून पिल्लालाही मिळतं.

सामान फार नाही. कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन किंवा वंगण म्हणून वापरायची जेली, पोव्हिडोन आयोडीन, नाळेसाठी टिंक्चर आयोडीन, जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे, दोन मऊ सुती दोऱ्या, थर्मामीटर, दूध पाजायची बाटली आणि डोक्याला बांधायची बॅटरी. ही शेवटची वस्तू लोक विसरतात आणि मग मोबाइल दातात धरून काम करतात. खाली कोरडं तणस (भाताचा पेंढा) अंथरा. रामटेक-मौद्याकडं ते ढिगानं असतं. कापसाच्या भागात सोयाबीनचं कुटार चालतं, फक्त ते धुळीचं नको.

घरात कुणी गरोदर असेल तर तिला व्याणाऱ्या शेळीजवळ येऊ देऊ नका. जार, पाणी, मेलेलं पिल्लू यातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होतात. बाकीच्यांनीही उघड्या हातानं काही करायचं नाही. "आम्ही आजवर असंच केलं" असं सांगणारे भेटतील. त्यांच्यापैकी कुणाला महिनोन्‌महिने येणारा ताप आणि सांधेदुखी आहे का, तेवढं विचारून बघा.

घड्याळ कधी लावायचं

व्यायच्या आदल्या दिवशी शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी चाचपून बघा. एरवी तिथं पेन्सिलीसारखे दोन ताठ पट्टे लागतात. ते सैल पडले, बोटांना लागेनासे झाले, की साधारण चोवीस तासांत शेळी व्याते. कास भरते, सड चकाकतात, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून सैल होते. मग ती कळपातून बाजूला होते, पायानं जमीन उकरते, उठते, बसते, वळून स्वतःच्या पोटाकडे बघते, बारीक आवाजात ओरडते. घट्ट चिकट स्राव दिसतो. ही पहिली अवस्था. आत गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. पहिलटकरणीला यात दहा-बारा तासही लागतात. इथं आपल्याला करण्यासारखं काहीच नाही. पाणी ठेवा, गर्दी हटवा, कुत्रं बांधा.

घड्याळ सुरू होतं ते खऱ्या कळा सुरू झाल्यावर. शेळी आडवी पडून, पाय ताणून, सगळं अंग आवळून जोर लावते आणि पाणमोट दिसते किंवा फुटते. ती वेळ लिहून ठेवा. त्यानंतर अर्ध्या तासात काहीतरी पुढं सरकलेलं दिसलं पाहिजे. अर्धा तास जोराच्या कळा आहेत आणि काहीच दिसत नाही, किंवा जे दिसतंय ते तिथंच अडलंय, तर तपासायची वेळ झाली. एक तास झाला तर डॉक्टरांना फोन गेलेला असला पाहिजे. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं ते अर्धा तास जातो, कधी थोडा जास्त.

उलटही होतं. पहिली अवस्था बारा तासांपुढे गेली, शेळी अस्वस्थ आहे, पण जोरच लावत नाही. लोक याला "अजून वेळ आहे" समजतात. यामागे काय असू शकतं ते पुढे "फक्त शेपूट" या स्थितीपाशी येईल.

सरळ पिल्लू कसं दिसतं

विहिरीत सूर मारणारा पोरगा आठवा. हात पुढे, डोकं दोन्ही हातांच्या मध्ये, अंग मागून. करडू आणि कोकरू तसंच येतं. आधी पुढचे दोन खूर, त्यांचे तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. पाठ आईच्या पाठीकडे असते. एक खूर दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे असला तर उत्तमच, त्यानं दोन्ही खांदे एकदम न येता तिरके निघतात. खूर, मग नाक, मग कपाळ, अशी ही पाचर हळूहळू वाट रुंद करत जाते.

हे दिसलं की मागे सरा. डोकं बाहेर आल्यावर शेळी थोडी थांबते, दम घेते. ही थांबलेली दोन-तीन मिनिटं नवख्या माणसाला सहन होत नाहीत आणि तो ओढायला जातो. थांबू द्या. डोकं पूर्ण बाहेर येऊनही तोंडावर पडदा असेल तर तेवढा बोटानं फाडून नाकपुड्या पुसा.

अर्धा तास होऊनही हेच चित्र असेल, पिल्लू मोठं वाटत असेल, तर मदत करता येते. भरपूर वंगण लावा, दोन्ही पाय खुराच्या वर धरा आणि शेळी जोर लावेल तेव्हाच तिच्या मागच्या पायांच्या दिशेनं, म्हणजे खाली, ओढा. कळ थांबली की तुमचा हातही थांबला पाहिजे. एका माणसाच्या हाताच्या ताकदीपेक्षा जास्त ताकद कधीच नाही. दोघांनी मिळून ओढावं लागतंय म्हणजे स्थिती चुकीची आहे किंवा पिल्लू बसतच नाही.

पुढचा पाय की मागचा

सगळा खेळ इथं आहे, म्हणून जरा सावकाश.

खुराचा तळवा बघा. तळवा जमिनीकडे असेल तर बहुधा पुढचा पाय. आकाशाकडे असेल तर बहुधा मागचा. पण "बहुधा" यावर कुणी ओढाओढ करू नये, कारण पिल्लू पाठीवर उताणं असेल तर पुढच्या पायाचे तळवेही वरच दिसतात. खात्री सांध्यावरून करायची.

खुरापासून वर बोट सरकवत जा. पहिला सांधा खुराच्या लगेच वरचा. त्याच्या पुढं दुसरा सांधा लागेपर्यंत जा. आता पाय हलकेच दुमडून बघा. दोन्ही सांधे एकाच दिशेनं वळले तर तो पुढचा पाय आणि दुसरा सांधा म्हणजे गुडघा. गुडघा गोलसर, चपटा लागतो. पहिला सांधा एका दिशेला आणि दुसरा उलट दिशेला वळला तर मागचा पाय. तिथं मागच्या बाजूला टोकदार हाड लागतं आणि त्याला वरून आलेली ताठ शीर जाणवते. ते टोक एकदा हाताला लागलं की पुन्हा शंका राहत नाही.

याचा सराव शेळी व्यायच्या आधी करता येतो आणि कराच. आठवड्याभराचं एखादं पिल्लू मांडीवर घ्या, वर पोतं टाका, डोळे मिटा आणि एका हातानं पोत्याखाली चाचपून पाय ओळखा. गुडघा, मागचं टोक, शेपूट, कान, जबडा. चार-पाच वेळा केलं की बोटांना समजायला लागतं. आत ओलं असतं, जागा अरुंद असते आणि कळ आली की हात आवळला जातो, त्यामुळे बाहेर जे दहा सेकंदांत ओळखता ते आत मिनिटभर घेईल. पण ओळखता येईल.

हात घालण्यापूर्वी

नखं कापा, अंगठी-कडं काढा, कोपरापर्यंत साबणानं धुवा, हातमोजे घाला, वंगण लावा. कपड्यांचा पावडर साबण वंगण म्हणून वापरू नका, आतली नाजूक त्वचा सोलून निघते. शेळीची मागची बाजू कोमट पाण्यानं आणि पोव्हिडोननं धुवून घ्या. शेपटी एकानं बाजूला धरायची. शेळी लहान चणीची असेल, आपल्याकडची बेरारी असते तशी, तर मोठ्या पंजाच्या माणसानं टॉर्च धरावी आणि घरात ज्याचा हात लहान त्यानं तपासावं. बहुतेक घरांत हे काम मग बायकांकडे येतं आणि त्या ते जास्त धीरानं करतात.

बोटं एकत्र निमुळती करून, दोन कळांच्या मधल्या वेळात हात सरकवायचा. कळ आली की हात आहे तिथं स्थिर. पिल्लाला मागे ढकलायचं तर तेही कळ नसतानाच. कळेच्या विरुद्ध ढकललं तर गर्भाशय फाटू शकतं.

जिवंत आहे का ते बघा. दोन खुरांच्या मध्ये चिमटा घ्या, पाय मागे ओढेल. तोंडात बोट घाला, चोखेल.

चुकलेल्या स्थिती

*एक पाय मागे.* नाक आणि एकच खूर दिसतो. नवख्या माणसाला सर्वांत जास्त वेळा हेच भेटतं. पिल्लू लहान असेल तर असंही निघतं. अडलं असेल तर दिसणाऱ्या पायाला सैल दोरी बांधा, म्हणजे तो हरवणार नाही. कळ थांबल्यावर डोकं हलकेच आत ढकला, मानेवरून खांद्याकडे जा, तिथून गुडघा शोधा. गुडघा वर उचलून मागे दाबायचा, खूर तळहाताच्या ओंजळीत झाकायचा आणि मग पुढे आणायचा. खूर झाकणं विसरू नका. उघडा खूर गर्भाशयाला घासत आला तर चीर पडते, ती बाहेरून दिसत नाही आणि शेळी दोन-तीन दिवसांनी जाते.

*डोकं बाहेर, दोन्ही पाय मागे.* हे दृश्य घाबरवणारं. डोकं सुजून मोठं झालेलं, जीभ निळी, बाहेर लोंबणारी. मेलं असं समजून लोक सोडून देतात, पण बऱ्याचदा पिल्लू जिवंत असतं. डोळ्याच्या कडेला बोट लावून बघा, पापणी हलते का. डोक्याला भरपूर वंगण लावा, सूज जास्त नसेल तर आत ढकलून एक पाय सोडवा. एक पाय आला तरी बऱ्याचदा पुरतं. डोकं कोरडं पडून टणक झालं असेल तर जबरदस्ती न करता डॉक्टर. मान धरून ओढणं हा इथला सगळ्यात वाईट उपाय आणि सगळ्यात आधी सुचणाराही.

*दोन पाय आले, डोकं नाही.* सांधे तपासले, पाय पुढचे आहेत, पण गुडघ्यांवर नाक नाही. म्हणजे मान बाजूला किंवा छातीकडे वळलेली. हे पाय ओढाल तितकी मान जास्त दुमडते. माझं मत विचाराल तर नवख्यानं इथं डॉक्टरच बोलवावा. डॉक्टर दूर असतील आणि पर्याय नसेल तर छाती आत ढकलून, मानेवरून जाऊन, तोंडाच्या कोपऱ्यात बोट अडकवून डोकं वळवतात. दोरी लावायची झाल्यास कानांमागून तोंडात अशी अडकवतात. गळ्याभोवती फास कधीच नाही.

*पायाळू पिल्लू.* दोन पाय, तळवे वर, टोकदार सांधा. पायाळू माणसाच्या लाथेनं पाठीतली उसण उतरते म्हणतात. पायाळू करडाच्या बाबतीत मात्र तुमच्याकडे फार वेळ नसतो. त्याला आत फिरवून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ते मागच्या पायांनीच जन्माला येऊ शकतं. कमरेपर्यंत सावकाश, कळेबरोबर. शेपूट आणि पुठ्ठे बाहेर आले की नाळ आईच्या हाडांमध्ये दाबली जाते, रक्त तुटतं आणि डोकं आत असतानाच पिल्लू श्वास घ्यायला बघतं. तिथून पुढे थांबायचं नाही. हिसका न देता पण न थांबता बाहेर काढा, लगेच क्षणभर डोकं खाली करून नाका-तोंडातलं पाणी निथळू द्या आणि पुसा.

*फक्त शेपूट.* हे फसवं. पिल्लाचा मागचा भाग वाटेकडे आहे पण मागचे पाय पोटाखाली दुमडलेले. वाटेत काहीच अडकत नाही, त्यामुळे शेळीला जोराच्या कळाही येत नाहीत. ती तासन्‌तास अस्वस्थ असते, अधूनमधून कुंथते, आणि मालक म्हणतो वेळ आहे. पहिली अवस्था बारा तासांच्या पुढे गेली तर हे मनात आणा. आत बोट घातलं तर पुठ्ठ्यांची दोन हाडं आणि शेपूट लागेल. पुठ्ठा पुढे ढकलून, टोकाचा सांधा दुमडून, खूर झाकून एकेक पाय आणायचा असतो. ऐकायला सोपं आहे, करायला नाही. अनुभवी हात जवळ नसेल तर डॉक्टरच.

*तीन पाय, किंवा एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय.* जुळी एकदम वाटेत आली. इथं कुठलाही पाय धरून ओढू नका. एक पाय धरा आणि बोट त्याच्यावरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून छातीपर्यंत, छातीवरून दुसऱ्या पायापर्यंत न उचलता न्या. दोन पाय एकाच छातीचे आहेत याची खात्री झाली की त्यांना दोरी बांधा, दुसऱ्याला मागे सारा. जे पुढे आहे ते आधी काढा. मागच्या पायांनी येणारं पुढे असेल तर तेच आधी.

आडवं पिल्लू, ज्याची नुसती पाठ किंवा बरगड्या हाताला लागतात, आणि गर्भाशयाचं न उघडलेलं तोंड, जिथं बोटांना बांगडीसारखं घट्ट कडं लागतं, या दोन्हींत घरी करण्यासारखं काही नाही.

एकूण दहा-पंधरा मिनिटं प्रयत्न करून प्रगती नसेल तर थांबा. प्रत्येक वाढत्या मिनिटाबरोबर आतली सूज वाढते आणि डॉक्टरांचं काम अवघड होतं. मेडिकलमधून "कळांचं इंजेक्शन" आणून टोचणं हा तर गुन्हा समजा. पिल्लू वाकडं अडलेलं असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटतं.

कुणाला बोलवायचं आणि काय सांगायचं

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन भिंतीवर लिहा. शहराच्या जवळ असाल तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्याच्या वेळा दिवसाउजेडी, गरज नसताना, एकदा विचारून ठेवा. शेळी गाडीत घालून नेणं शक्य असतं, हा शेळीपालकाचा मोठा फायदा. म्हैसवाल्याला तो नाही.

फोनवर "बकरी अडली" एवढंच सांगू नका. कळा किती वाजता सुरू झाल्या, पाणमोट कधी फुटली, काय दिसतंय, पाय पुढचे की मागचे, पहिलटकरीण आहे का, कुणी आत हात घातला होता का. एवढं सांगितलं तर डॉक्टर तयारीनं येतील. आत हात घातलेल्या प्रत्येक शेळीला नंतर प्रतिजैविक आणि वेदनाशामक लागतं का, हे त्यांनाच ठरवू द्या.

गाय, म्हैस आणि घरची कुत्री

शेळीचा नियम सगळ्यांना लावू नका. गाय आणि म्हैस यांचं सरळ वासरू शेळीसारखंच, पुढचे पाय आणि नाक. गाभणकाळ गायीचा साधारण २८० दिवस, म्हशीचा ३०५ ते ३१०. म्हशीत मात्र एक वेगळा धोका असतो, गर्भाशयाला पीळ पडणं. दिवस भरलेत, म्हैस अस्वस्थ आहे, पोटात दुखल्यासारखं करते, पण पाणमोटच येत नाही. नागपुरी म्हैस असो की मुऱ्हा, असं दिसलं तर वाट बघू नका. पीळ सोडवायला जनावराला ठरावीक दिशेनं लोळवावं लागतं. उलट्या दिशेनं लोळवलं तर तो आणखी आवळतो, म्हणून हे डॉक्टरांचं काम.

कुत्रीच्या बाबतीत मागच्या पायांनी येणारं पिल्लू ही अडचण नसते. दहातली चारेक पिल्लं तशीच येतात, डुकरांतही जवळपास तेच. पाय आखूड, त्यामुळे कुठल्या टोकानं आलं यानं फार फरक पडत नाही. कुत्रीत बघायचं ते दुसरं. जोराच्या कळा वीस-तीस मिनिटं चालू आहेत आणि पिल्लू नाही, किंवा पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट स्राव आला, तर दवाखाना. शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास उतरलं की साधारण एका दिवसात ती व्याते.

जिराफाचं पिल्लूही पुढचे पाय आणि नाक असंच येतं, फक्त आई उभी असल्यानं दोन मीटरांवरून पडतं. डॉल्फिनचं पिल्लू बहुधा शेपटीकडून. लांब पायांच्या, खूर असलेल्या जनावरांना सूर मारल्यासारखं यावं लागतं, बाकीच्यांना तसं बंधन नाही.

बाहेर आल्यावर

नाका-तोंडातला चिकटा पुसा. श्वास घेत नसेल तर तणसाची स्वच्छ काडी नाकपुडीत फिरवा, शिंकेल. सुती कापडानं छाती जोरात चोळा. पिल्लाला आडवं न ठेवता छातीवर, पाय खाली दुमडून बसवा, दोन्ही फुप्फुसं नीट उघडतात. मागचे पाय धरून गरागरा फिरवायची पद्धत सोडून द्या. बाकी चाटायचं काम आईला करू द्या. तिच्या नाकापुढे ठेवलं की ती सुरू करते आणि त्यातूनच पिल्लू ओळखते.

नाळ फार लांब असेल तर दोन-तीन बोटं ठेवून निर्जंतुक कात्रीनं कापा आणि टिंक्चर आयोडीनच्या छोट्या झाकणात पूर्ण बुडवा. नुसते दोन थेंब टाकून भागत नाही.

मग चीक. पहिल्या तासाभरात, फार तर दोन तासांत. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातात ती पहिल्या काही तासांतच. बारा तासांनंतर ती वाट झपाट्यानं बंद होत जाते आणि दिवसभरात जवळपास संपते. आधी सडांतून दोन धारा काढून मेणासारखं बूच निघालं का बघा, नाहीतर पिल्लू चोखत राहतं आणि पोटात काहीच जात नाही. दोन-सव्वादोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसभरात दोनशे ते अडीचशे मिली चीक मिळाला पाहिजे, थोडाथोडा करून. "जार पडल्याशिवाय पाजायचं नाही" असं अजूनही सांगतात. उलट आहे. पिल्लू ओढायला लागलं की गर्भाशय आवळतं आणि जार पडायला मदतच होते.

डिसेंबरच्या रात्री पिल्लाच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड थंड लागलं आणि चोखत नसेल तर आधी ऊब, मग चीक. थंडगार पिल्लाला बाटलीनं दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं. कोरडं करून, पोत्यात गुंडाळून, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवा. तापमान ३७ च्या वर गेलं, बोट चोखायला लागलं, की पाजा. एप्रिल-मेमध्ये काळजी उलटी, पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा पत्र्याखाली पिल्लू ठेवू नका. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा तणस टाका, बाजूला ओली पोती लावा.

पिल्लं झाल्यावर शेळीच्या पोटात आणखी एक आहे का, ते बघायला दोन्ही हात तिच्या कासेच्या पुढून पोटाखाली घालून हलकेच वर उचला. आत पिल्लू असेल तर टणक गोळा हाताला लागतो. शेळीला कोमट पाणी आणि थोडा गूळ द्या.

जार काही तासांत पडतो. बारा तास झाले तरी पडला नाही तर डॉक्टर. लोंबणाऱ्या जाराला चप्पल किंवा दगड बांधायची पद्धत आहे, ती बंद करा. ओढून तुटलेला तुकडा आत सडतो. पडलेला जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका.

शेवटी वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळच्या बोकडाचा निर्णय त्यावरूनच घ्यायचा आहे. लहान चणीच्या पहिलटकरणीला बीटल किंवा बोअरसारखा थोराड बोकड लावला असेल आणि पिल्लू मोठं होऊन अडलं असेल, तर पुढच्या खेपेला बेरारीच लावा. गर्भाशयाचं तोंड न उघडल्यामुळे पोट फाडावं लागलेली शेळी पुन्हा गाभण न करता विकून टाकलेली बरी. पाय मागे राहिल्यामुळे अडलेली शेळी विकू नका, तिची पुढची वीण बहुधा सरळ होते.